१/८ स्केल इलेक्ट्रिक हायड्रोप्लेन बांधायची आहे, १२एस घेऊ का ८एस, आणि सांगलीत पळवायची कुठं?

उसाचारस_सांगली

नमस्कार मंडळी. फोमची विमानं बरीच वर्षं उडवतोय, एक छोटी रेडीमेड बोट पण आहे दीड फुटाची, पण आता डोक्यात मोठं खूळ शिरलंय. अमेरिकेत त्या अनलिमिटेड हायड्रोप्लेन असतात ना, पुढं दोन स्पॉन्सन (बाजूचे तरंगते पाय), मागं उंच विंग, चिनूक हेलिकॉप्टरचं टर्बाइन इंजिन बसवलेल्या, तसली एक इलेक्ट्रिकवर बांधायची आहे. खरी बोट तीस फुटांच्या आसपास असते म्हणजे १/८ ला पावणेचार फूट, ४५ इंच. प्लॅन मिळालाय, प्लॉटरवर फुल साइज प्रिंट पण काढून आणला, घरात भिंतीला लावलाय आणि त्यावरून रोज बोलणी खातोय.

प्रश्न असे. मोटर ५६ मिलिमीटरची घ्यायचं ठरवतोय, १२एस वर (एस म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले बॅटरीचे सेल), १०० किमीचा स्पीड निघावा एवढीच इच्छा. प्रॉप (पाण्यातला पंखा) केवढा लागेल? ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) किती अँपिअरचा? आमच्या दाजींचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, लेथ आणि मिलिंग आहे, तर स्ट्रट (प्रॉपचा शाफ्ट धरणारा मागचा आधार), रडर वगैरे तिथंच करून घेता येतील का? बाहेरून मागवलं की कस्टम्समध्ये अडकतं आणि मग त्यांचा हिशोब वेगळाच. आणि शेवटचं, पळवायची कुठं? मित्राचं तासगावला द्राक्षबागेत शेततळं आहे, तीस बाय तीस मीटर, स्वच्छ पाणी, वारा पण कमी. तिथं जमेल असं वाटतंय.

कंदीपेढा_सातारा

भावा आधी शेततळ्याचा हिशोब कर. १०० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. तुझं तळं तीस मीटर. थ्रॉटल दाबून "नाद खुळा" म्हणेपर्यंत बोट द्राक्षबागेत 😂

वाफेचं_इंजिन

वरच्या पेढेवाल्याचं बरोबर आहे पण नुसतं हसून सोडण्यासारखं नाही ते, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या पाण्यात आहे. लोक आधी मोटर घेतात, मग बॅटरी, मग हल (बोटीचं अंग), आणि शेवटी तळं शोधत फिरतात. उलटं कर. तुला सरळ पळवायला किती पाणी मिळतंय ते बघ. शंभर मीटरची सरळ रेघ असली तर ९० च्या स्पीडला ती चार सेकंदात संपते, त्यात वळायला दोन्ही टोकांना जागा, आणि वळताना बोट घसरली तर बाहेरच्या अंगाला अजून जागा. म्हणजे दीडशे बाय साठ-सत्तर मीटर मोकळं पाणी असल्याशिवाय १२एस चा विचारच करू नको.

आता आकडे. मोटर ६०० केव्हीची घे, १००० ची नको. केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती आरपीएम, हे तुला विमानामुळं माहितीच आहे. १२एस म्हणजे ४४.४ व्होल्ट, गुणिले ६००, साधारण २६,६०० आरपीएम बिनलोडचे. आता गंमत बघ, ८एस वर ९०० केव्हीची मोटर लावली तरी आरपीएम तेवढेच येतात. मग १२एस चा फायदा काय, तर तेवढ्याच ताकदीला अँपिअर कमी लागतात आणि गरमी सगळी अँपिअरची असते. पण ६०० केव्हीची मोटर घेतलीस तर अजून एक सोय आहे, तीच मोटर पहिल्यांदा ८एस वर चालव. २९.६ गुणिले ६००, सतरा-अठरा हजार आरपीएम. बोट सरळ जाते का, वळते का, नाक उचलते का हे सगळं तिथं कळेल, आणि काही मोडलं तर कमी मोडेल. फक्त ईएससी असा घे जो ८ ते १२ एस सगळं घेतो. १२एस फुल चार्ज ५०.४ व्होल्ट होतं, तेवढं लिहिलेलं असलं पाहिजे त्याच्यावर, "चालतं की" म्हणणाऱ्या विक्रेत्यावर जाऊ नको.

प्रॉप. ऑक्टुरा कंपनीचे एक्स४ सिरीजचे नंबर सोपे आहेत, एक्स४५५ म्हणजे व्यास ५५ मिलिमीटर आणि पिच त्याच्या १.४ पट, म्हणजे ७७ मिलिमीटर. एका फेऱ्यात कागदावर ७७ मिलिमीटर पुढं. लोडखाली आरपीएम पंधरा टक्के पडतात असं धर, वर पंधरा टक्के स्लिप (प्रॉप पाण्यात घसरतो ती) धर, १२एस ला ९० किमीच्या आसपास येतं, ८एस ला ५८-६०. साठ मिलिमीटरचा लावलास तर १२एस ला ९७-९८ पर्यंत जाईल. पण प्रॉप पाच मिलिमीटरनं वाढला की अँपिअर भसकन वाढतात, त्यामुळं लहान प्रॉपपासून वर चढायचं. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट पळवून परत आणून मोटर आणि ईएससीवर टेम्परेचर गन मारायची, मोटर साठ-सत्तरच्या वर गेली की तिथंच थांब.

ताकद किती लागते याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ५००० एमएएचचे दोन ६एस पॅक सिरीजमध्ये, त्यातली ८० टक्के म्हणजे ४ एएच दोन मिनिटांत संपवलीस तर सरासरी १२० अँपिअर. गुणिले ४४.४, पाच हजार तीनशे वॅट. म्हणजे विहिरीवरची साडेसातची मोटर जवळजवळ फुल लोडला चालते तेवढं, ते पण सहा-सात किलोच्या बोटीत. सरासरीच १२० असली तर वळणातून बाहेर पडताना दुपटीवर पण जाईल, म्हणून २०० च्या खालचा ईएससी बघूच नको, आणि वॉटरकूलिंगवाला घे.

बॅटरीच्या वायरी लांबवू नको, ईएससीला ते सोसत नाही. लांबवायची वेळ आलीच तर ईएससीच्या जवळ जास्तीचे कॅपॅसिटर लाव. आणि १२एस ला साधे कनेक्टर जोडताना जो फाट्कन स्पार्क येतो त्यानं पिना जळतात, अँटीस्पार्कवालेच घे.

टेबलफॅन

मी वेगळं सांगतो. पहिली हायड्रो ४५ इंची बांधूच नका. आधी २४-२८ इंची एखादी बांधा ४एस वर, खर्च चौथाई, तळं पण लहान चालतं, आपटली तर रडू येत नाही. मोठ्या बोटीला एक ईएससी उडाला की महिन्याचा पगार गेला.

वाफेचं_इंजिन

@टेबलफॅन खर्चाचं मान्य. पण लहान हायड्रो शिकायला सोपी असते हे पटत नाही. पाण्यावरची चार बोटांची लाट तिच्यासाठी डोंगर असते, मोठी तीच लाट कापून जाते. आणि लहान बोटीत सीजी (वजनाचा मध्य) पाच मिलिमीटर हलला तरी स्वभाव बदलतो. हा माणूस विमानवाला आहे, बांधायची सवय आहे, मोठीच बांधू दे, पळवताना ८एस वर लहान व्हायचं.

टेबलफॅन

बघा बुवा. पैसे त्यांचे आहेत.

उसाचारस_सांगली

बाप रे, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ६०० केव्ही आणि ८ ते १२ एसचा ईएससी फायनल. म्हणजे शेततळं बादच?

कंदीपेढा_सातारा

बाद नाही रे, तरंगून बघायला शेततळ्यासारखी जागा नाही. पाणी कुठून शिरतंय, बोट लेव्हल बसते का, रडर रेडिओ बरोबर आहे का, फेलसेफ लागतो का (ट्रान्समीटर बंद केला की थ्रॉटल शून्यावर आला पाहिजे, बोट दोरीला बांधून हे बघायचंच), अगदी हळू एक दोन चकरा. बास. पण एक गोष्ट जोरात सांगतो, प्लॅस्टिक कागद टाकलेल्या शेततळ्यात बोट आणायला उतरायचं नाही. शेवाळ धरलेल्या कागदावरून पोहणारा माणूस पण वर येऊ शकत नाही, दरवर्षी पेपरात बातम्या वाचतोच आपण. काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवा, एकटं जाऊ नका, आणि बोट काढायला लांब बांबू किंवा गळ.

साताऱ्याकडचं सांगायचं तर कास तलावाचं नाव काढू नका, शहराचं पिण्याचं पाणी आहे. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर टुरिस्ट बोटी, तिथं आपली शंभरच्या स्पीडची वस्तू म्हणजे डोकं फिरलंय. कोयनेच्या बॅकवॉटरला अभयारण्य. कण्हेर, उरमोडी अशी धरणं आहेत, पाणी भरपूर, पण पाटबंधारेवाल्यांना लेखी विचारून, आणि धरणाच्या भिंतीजवळ अजिबात नाही. सकाळी सात ते नऊ पाणी आरशासारखं असतं, दहा वाजले की वारा सुटतो. जिथं पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या बाजूला तळं शोधत जाऊ नका, तिकडं ढालगावला बिलगावला, कंपनीवाल्यांनी उगाच नाही खांब रोवले.

उसाचारस_सांगली

आणि कृष्णा? आमच्याकडं बंधाऱ्याच्या वर हिवाळ्यात पाणी एकदम शांत तुंबलेलं असतं. होड्यांच्या शर्यती होतात त्या पट्ट्यात लांबी पण भरपूर आहे.

हळदीचं_पेव

लांबी आहे, मगर पण आहे. 🐊

मस्करी नाही करत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज पट्ट्यात तर आहेतच, सांगलीजवळ पण दिसतात. बोट मध्येच बंद पडली तर कपडे काढून उडी मारणारा आपल्याकडं पहिला निघतो. रिट्रीव्ह करायला काय आहे ते आधी ठरवा. आम्ही लहान बोट असताना फिशिंग रॉडला टेनिस बॉल बांधून टाकायचो, वारा बोटीकडं असला तर जमतं, सहा-सात किलोच्या बोटीला ते पुरणार नाही. जवळच्या होडीवाल्या मामांना सांगून ठेवा, चहापाणी द्या, ते होडी घेऊन काढून देतात. माई घाटावर सकाळी पोहणारे असतात, तिथं चुकूनही नको. आणि जलपर्णी आली की विसरा, एक देठ प्रॉपला गुंडाळलं की फ्लेक्स केबलचा (मोटरपासून प्रॉपकडं जाणारी फिरती केबल) पीळ.

गनमेटल_बुश

दाजींचं वर्कशॉप आहे म्हटल्यावर अर्धं काम झालं. मी कुपवाडलाच टर्नर आहे, हौस म्हणून दोन-तीन जणांना पार्ट करून दिलेत.

स्ट्रट ६०६१ ॲल्युमिनियमच्या बारमधनं काढायचा, आत गनमेटलचा बुश, एक तोंडाला एक शेपटीला. स्टब शाफ्ट (केबलच्या टोकाचा, प्रॉप बसवायचा दांडा) पाव इंच म्हणजे ६.३५, तो तयार घेतलेला बरा, थ्रेड आणि प्रॉपचा ड्राइव्ह डॉग (प्रॉपला पकडून फिरवणारा तुकडा) जुळायला पाहिजे. रडर आपल्या डोक्यातल्या आकारापेक्षा उलटा असतोय, पुढची कड वस्तऱ्यासारखी आणि मागची कड जाड सपाट. होडीचं सुकाणू बघून मागं निमुळता केला की स्पीडला पाणी सोडतोय आणि बोट वळत नाही. रडर खाली ओंडक्याला लागला तर उलटून वर जायला पाहिजे, म्हणून खालचा एक स्क्रू नायलॉनचा, तो तुटतोय, ट्रान्सम (बोटीची मागची भिंत) वाचतोय. रडरलाच भोक पाडून त्यातनं कूलिंगचं पाणी वर घ्यायचं.

टर्न फिन (वळताना पाणी धरणारी पात) स्टीलची दोन मिलिमीटरची पुरते, कड पाजळून. ती आतल्या वळणाच्या स्पॉन्सनला लावायची, म्हणजे आधी ठरवा बोट उजवीकडं वळवणार का डावीकडं. दोन्हीकडं सारखी वळत नाही ही बोट.

फ्लेक्स केबलचं एक ध्यानात ठेवा, ती एकाच दिशेला पीळ घेतलेली असते. मोटर फिरताना पीळ आवळला पाहिजे. उलट्या प्रॉपला चुकीची केबल लावली की लोड आला की उलगडतीय. आणि आवळली की लांबीला कमी होते, म्हणून ड्राइव्ह डॉग आणि स्ट्रटच्या मध्ये चार-पाच मिलिमीटर फट ठेवायची, नायतर बेअरिंग दाबून मोटर मरतीय. दिवस संपला की केबल बाहेर ओढून पुसून ग्रीस. नाही केलं तर पुढच्या वेळी गंजलेली दोरी हातात येईल.

प्रॉपला धार आणि बॅलन्स करावा लागतो, पाकिटातनं काढून तसाच लावायचा नसतो. पण ऑक्टुराचे बरेच प्रॉप बेरिलियम कॉपरचे असतात, त्याची कोरडी धूळ छातीला लय वाईट, कायमचा आजार होतो. पाण्याखाली पॉलिश पेपरनं घासायचा, मास्क घालून, आणि बफिंगवाल्याकडं न सांगता देऊ नका, तो बिचारा दिवसभर तेच हुंगत बसेल.

उसाचारस_सांगली

भारी. ती बेरिलियमची गोष्ट माहितीच नव्हती, मी सरळ पॉलिशवाल्याला देणार होतो. आता हलचं. आमच्या इथल्या दुकानात मरीन प्लाय म्हणून ६ मिलिमीटरचा दाखवतात. चालेल?

तंबोऱ्याचा_भोपळा

ट्रान्समला आणि मोटर माउंटला चालेल, बाकी ठिकाणी वजन खाऊन टाकेल. आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का असला तरी आतल्या थरात पोकळी निघते, उजेडाला धरून, वाजवून घ्या. फ्रेमना ३ मिलिमीटरचा बर्च, वरच्या-खालच्या पत्र्याला दीड मिलिमीटर, हे ऑनलाइन हॉबीवाल्यांकडून मागवावं लागतं. फ्रेम कापायला लग्नपत्रिका आणि ट्रॉफी करणाऱ्यांच्या लेझरवर ३ मिलिमीटर प्लाय आरामात कापून मिळतो, फाइल नीट द्या म्हणजे झालं.

मी मिरजेचा, आमच्या गल्लीत तंबोरे-सतार बनतात, लहानपणापासून ते काम बघत आलो. त्यांच्याकडून एक शिकण्यासारखं आहे, चिकटवायच्या आधी जोड कोरडा बसवून दहा वेळा बघतात. हायड्रोला हेच लागतं. दोन्ही स्पॉन्सनचा खालचा कोन तंतोतंत सारखा पाहिजे, तीन अंशांच्या आसपास ठेवतात, पण एकाचा तीन आणि दुसऱ्याचा साडेतीन झाला की बोट आयुष्यभर तिरकी पळणार, कितीही रडर ट्रिम मारा. ग्रॅनाइटच्या सपाट तुकड्यावर बांधा. घरच्या टेबलावर नको, आपली टेबलं कुठं सरळ असतात.

अजून एक, विमानवाले सगळ्या कडा गोल करतात. इथं स्पॉन्सनची खालची मागची कड आणि ट्रान्समची कड सुरीसारखी काटकोनात ठेवायची. कड गोल झाली की पाणी सुटत नाही, वळून वर चिकटतं आणि हल खाली ओढतं. पॉलिश पेपर मारताना हात आवरा, लाकडी गुटख्यावर गुंडाळूनच मारा (खायचा नव्हे).

चिकटवायला इपॉक्सीच. फायबरच्या दारं-टाक्या करणारे पॉलिएस्टर रेझिन देतील स्वस्तात, लाकडाला ते नीट धरत नाही, वर्षभरात पापुद्रे. इपॉक्सीचा एक पातळ हात आतून सगळीकडं, कारण पाणी आतूनच शिरतं आणि प्लाय कुजवतं. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका, दमट हवेत वर चिकट मेणासारखा थर येतो आणि पुढचा कोट धरत नाही, आलाच तर पाण्यानं धुवून घासून मग पुढं. दिवाळीनंतर सुरू करा.

नाकात आणि स्पॉन्सनमध्ये फोमचे तुकडे कोंबा, उलटली तरी बुडणार नाही.

आणि कोण म्हणालं घरी बांधून काय होतंय, तर केन वॉर्बीनं त्याची लाकडी जेट बोट सिडनीत घराच्या मागच्या अंगणात बांधली होती आणि १९७८ ला ५११ किमीचा रेकॉर्ड केला, अजून कोणाला तुटला नाही. आमच्या घरच्यांना हे सांगून मी गच्चीची परवानगी काढलीय.

टेबलफॅन

मान्य आहे मी चिडवत होतो, पण उलटण्याचा विषय कोणीच काढला नाही. हायड्रो म्हणजे उलटणारच. ते सांगा त्यांना.

वाफेचं_इंजिन

काढणार होतोच. बघ, फुल स्पीडला ही बोट पाण्याला तीनच ठिकाणी टेकते, दोन स्पॉन्सनचे मागचे टोक आणि अर्धा बुडालेला प्रॉप. ट्रान्सम पण हवेत असतो. मागं प्रॉपवर बसून पळायची ही युक्ती गाजवली स्लो-मो-शन ४ नं, १९५० ला सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनवर १६० मैल, म्हणजे २५८ किमी. आता मधल्या बोगद्यातून हवा आत जाते, ती हल उचलून धरते, म्हणूनच स्पीड मिळतो. पण नाक एका मर्यादेपलीकडं वर गेलं की तीच हवा बोट पालथी करते. डोनाल्ड कॅम्पबेलची ब्लूबर्ड १९६७ ला कोनिस्टनच्या तळ्यात तशीच उलटली, ३०० मैलांच्या वर स्पीड होता, माणूस गेला.

आपल्याकडं माणूस काठावर आहे, त्यामुळं काळजी फक्त काठावरच्यांची. पळवताना लोक मागं उभे करा, बोट कायम काठाला समांतर, काठाकडं तोंड करून कधीच फुल थ्रॉटल नाही.

सेटिंगला सुरुवात सीजीपासून. स्पॉन्सन जिथं संपतात त्या रेषेच्या थोडा मागं सीजी येऊ दे. बॅटऱ्या वेल्क्रो आणि पट्ट्यावर अशा बसव की पुढं-मागं दोन तीन इंच सरकतील, सगळी ट्रिम तिथंच होते. नाक उचलतंय, बॅटरी पुढं. नाक चिकटून पाणी उडवत चाललीय, थोडी मागं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बॅटरी पण सरकवली आणि स्ट्रट पण हलवला तर कशानं काय झालं कळणार नाही. स्ट्रटचा कोन सुरुवातीला शून्य, बुडाशी समांतर. मागची विंग शोभेची समजू नको, ४५ इंचीला त्या स्पीडवर ती खरंच काम करते, तिला पक्क्या स्क्रूनं बसव, नुसतं चिकटवू नको.

आणि समोरून वारा असताना थ्रॉटल आवर. तुझी बोट ८० नं चाललीय आणि वारा समोरून २० चा असला तर हलला हवा १०० ची लागते. बहुतेक बोटी तिथंच उलटतात आणि मालक म्हणतो पाणी खराब होतं.

हळदीचं_पेव

लायपोचं (या लिथियम बॅटऱ्यांचं) पण सांगून टाका कोणीतरी. बोट उलटली की पॅक पाण्यात भिजतात, लगेच चार्जला लावू नका, बाहेर मोकळ्यावर वाळवा, सेल व्होल्टेज बघा, फुगला असला तर बाद. घरी ठेवताना सेलला ३.८, फुल भरून कपाटात नको. मे महिन्यात सांगलीत गाडीच्या डिकीत विसरलात तर देव तुमचं भलं करो.

उसाचारस_सांगली

सगळ्यांना एकेक प्लेट भडंग माझ्याकडून. आता ठरलेलं सांगतो. मोटर ५६ ची ६०० केव्ही, ईएससी ८ ते १२ एसचा २०० च्या वरचा, पॅक आधी दोन ४एस, ६एस नंतर पैसे साठले की. प्लाय आणि इपॉक्सी दिवाळीनंतर. तरंगायला तासगाव, दोर बांधून. कण्हेरच्या परवानगीचा अर्ज साताऱ्यात कुठल्या ऑफिसला द्यायचा ते पेढेवाले दादा जरा विचारून सांगतील का. आणि गनमेटल दादा, दाजी म्हणाले ६०६१ चा बार त्यांच्याकडं नाही, सगळा माइल्ड स्टीलचाच माल आहे.

गनमेटल_बुश

माइल्ड स्टीलचा करू नका, जड पण आणि गंजतंय पण. माझ्याकडं २५ बाय ५० चा तुकडा पडून आहे, स्ट्रट आणि रडर ब्रॅकेट दोन्ही निघतील त्यात. रविवारी सुट्टी असते माझी, शनिवारी सहानंतर ड्रॉइंग घेऊन या. मापं मिलिमीटरमध्ये आणा, इंचात नको.

कंदीपेढा_सातारा

सिंचन भवनात एक ओळखीचे आहेत, सोमवारी विचारतो. अर्जात "रेसिंग" शब्द लिहू नका, इलेक्ट्रिक मॉडेल बोटीची चाचणी लिहा, आवाज आणि पेट्रोल नाही हे पहिल्या ओळीत.